क्लचबाईंचं स्टिअरिंग

क्लचबाईंच्या हाताखालून अकराशेच्या वर माणसं गाडी शिकून गेली. त्यांत डॉक्टर होते, पाव भाजणारे होते, एक न्यायाधीश होता आणि त्याने ज्याला पुढे शिक्षा ठोठावली तोही होता. सगळ्यांना गाडी तीच, बोलणी तीच आणि आरोळीही तीच: "क्लच!" ही आरोळी इतकी खणखणीत असे की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यांचे पायसुद्धा क्षणभर थबकत. बाईंचं खरं नाव त्यामुळे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, आणि बाईंनाही त्याचं काही वाटलं नाही.

अकराशेंत नापास झाली ती एकच, आणि तीही घरातली. बाईंची सख्खी भाची. एकोणिसाव्या वर्षी चढावर गाडी मागे सरकायला लागली तेव्हा या मुलीने काय करावं? दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून तोंडावर घेतले. आत्याने शेजारच्या सीटवरून एका हाताने स्टिअरिंग खेचलं, पायाशी बसवून घेतलेला आपला जादा ब्रेक दाबला, म्हणून एका रोपवाटिकेच्या तीन कुंड्या आणि एक मागचा दिवा एवढ्यावरच निभावलं. भाचीने त्या दिवशी कानाला खडा लावला. आज ती एक्केचाळीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती आणि कामावर पायी जात होती.

चार महिन्यांपूर्वी आत्याला पक्षाघाताचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला येत नाही त्याला सगळे झटके हलकेच वाटतात. उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वळून राहिली, धड मिटेनात आणि धड उघडेनात. पाय वाचले, बोलणंही वाचलं, पण आवाज गेला. म्हणजे तोंडातून शब्द येत, पण त्यांत आत्या नसे. भाची आपलं बिऱ्हाड उचलून आत्याकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात घाबरली. जेवण कसं झालंय? बरं आहे. झोप लागली का? बरी लागली. ज्या बाईने सबंध आयुष्यात कशालाही नुसतं बरं म्हटलं नव्हतं, ती आता सगळ्यालाच बरं म्हणत खिडकीशी बसून होती.

तशात गाडीचं निघालं. चार महिने बंद गॅरेजात तापून गाडीचं मूळचं स्टिअरिंग तडकलं. जुन्या काळचं ते कडक प्लास्टिक, बारीक भेगा तर वर्षानुवर्षं होत्याच, आता वरचा वीतभर तुकडाच निखळून पडला. पुढच्या गुरुवारी गाडीची सरकारी तपासणी होती. मेकॅनिकने, तोही आत्याचाच विद्यार्थी, मान हलवली. हे असलं स्टिअरिंग घेऊन गाडी पास होणार नाही, म्हणाला, आणि आता नापास झाली तर पुन्हा रस्त्यावर येणार नाही.

"राहू दे," आत्या खिडकीतून न वळता म्हणाली. "देऊन टाक गाडी."

भाचीला कळून चुकलं: गाडी गेली की आत्याही गेली, मग ती खुर्चीत बसलेली दिसेना का. त्याच क्षणी तिने ठरवलं की नवं स्टिअरिंग बसवायचं आणि ते आत्यानेच निवडायचं. निवडताना तिने एकदा तरी नाक मुरडावं, एकदा तरी कुणाला तरी फैलावर घ्यावं, एवढंच भाचीला हवं होतं.

शहराच्या टोकाला, बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या मागच्या आवारात एक कारागीर जुन्या गाड्यांची स्टिअरिंगं दुरुस्त करत असे. मेकॅनिक सकाळीच गाडी तिथे सोडून गेला, आणि दहाच्या सुमाराला या दोघी रिक्षाने पोचल्या. कारागिराच्या खोलीच्या तिन्ही भिंतींवर छतापर्यंत स्टिअरिंगं टांगलेली होती. लाकडी, काळी, हस्तिदंती रंगाची, दोन आऱ्यांची, तीन आऱ्यांची, एक तर ट्रकचं, जेवणाच्या टेबलाएवढं. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर गाडीचं साल होतं आणि खाली ती कोण चालवत असे ते. 'दाई, रात्रीच्या फेऱ्या.' 'दोघे भाऊ, एक डावखुरा.' भाची त्या चिठ्ठ्या वाचतच राहिली. तिच्या दुकानात इतक्या चौकटी होत्या, पण कुठल्या चष्म्यातून कोणी काय पाहिलं याची चिठ्ठी कधी कुणी लिहिली नव्हती.

"तुम्ही कुठली गाडी चालवता?" तिने सहज विचारलं.

"मी?" कारागीर हसला. साठीचा, काटकुळा माणूस, बोटांची टोकं मात्र पोरीसारखी मऊ. "मला गाडी येत नाही, ताई. सकाळी बायको सोडून जाते, संध्याकाळी घेऊन जाते. उशीर झाला की हॉर्न वाजवते, तो तुम्हाला ऐकायला मिळेल."

भाचीला तो माणूस एकदम आवडून गेला.

त्याने तीन स्टिअरिंगं काढून ठेवली होती. एक शिसवी लाकडाचं, आरशासारखं पॉलिश केलेलं. दुसरं कातडी गुंडाळलेलं, जाड, आकाराने जरा लहान. तिसरं याच गाडीच्या दोन वर्षं आधीच्या मॉडेलचं, काळं, मोठं आणि बारीक, शोभा अशी काहीच नसलेलं. त्याने गाडीतलं तडकलेलं स्टिअरिंग मधला नट सोडवून काढलं, जपून बाकावर ठेवलं आणि आत्याला म्हणाला, "बसा, बाई. तुमच्या गाडीत तुम्हीच बसा."

भाचीने आत्याला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मग दुकानात गिऱ्हाइकाला एकामागून एक चौकटी लावून दाखवायची सवय तिच्या अंगात शिरली. हे बघ, आता हे बघ. आता डोळे मिटून बघ. मघाच्यापेक्षा कसं वाटतं?

"बरं आहे," आत्या लाकडी स्टिअरिंगला म्हणाली.

"आणि हे?"

"बरं आहे."

तिसऱ्यालाही बरंच होतं. आत्याचा डावा हात काठावर पडला होता आणि उजवा, आकड्यासारखा, मांडीवर. तिची नजर समोरच्या काचेतून आवारातल्या पाण्याच्या गंजक्या पिंपावर लागली होती. शेवटी भाचीने स्वतःच निवड केली.

"कातडी घेऊ या," ती कारागिराला म्हणाली. "जाड आहे. हाताला धरायला सोपं पडेल."

दुखऱ्या हाताला जाड आणि मऊ काहीतरी द्यावं, यात चूक काय होती? कुणीही हेच निवडलं असतं. कारागीरही हो म्हणाला, पण लगेच कामाला लागला नाही. त्याची एक रीत होती. जुन्या स्टिअरिंगची नीट चौकशी केल्याशिवाय तो नवं बसवत नसे. तो बाकावर बसला, तडकलेलं स्टिअरिंग मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि त्याची ती मऊ बोटं काठावरून हळूहळू फिरू लागली.

"पुढची बाजू सगळीकडून सारखी झिजलीय," तो डोळे न उघडताच म्हणाला. "एका माणसाचं काम नाही हे. शेकडो हात. आणि सगळे घाबरलेले, नखं रुतलीयत."

"विद्यार्थी," भाची म्हणाली. "आत्या गाडी शिकवायची."

"असं होय." बोटं फिरत फिरत डाव्या अंगाला आली आणि थांबली. परत मागे गेली. कारागिराने स्टिअरिंग उलटं केलं आणि आता डोळे उघडून पाहिलं. "हे बघा, ताई. इथे, मागच्या अंगाला. बोट लावा."

भाचीने बोट लावलं. काठाच्या मागे, बाहेरून कधीच दिसणार नाहीत अशा दोन खाचा होत्या, गुळगुळीत, शेजारी शेजारी. तिच्या दोन बोटांची टोकं त्यांत अलगद बसली.

"ही चालवणाऱ्याची बोटं नव्हेत," कारागीर म्हणाला. "चालवणारा असा धरतच नाही. हा उजवा हात आहे, आणि तो डावीकडून आलाय. मूठ नाही, नुसती दोन बोटं अडकवून आपल्याकडे ओढलंय. वर्षानुवर्षं." त्याने गाडीकडे पाहिलं, आणि आपण केवढी चूक करत होतो हे कळल्यावर माणूस जसा कपाळावर हात मारतो तसा मारला. "बाई! तुम्ही त्या सीटवर बसतच नव्हता ना?"

आत्याने पिंपावरची नजर काढली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिने कुणाकडे तरी नीट पाहिलं.

"मला वाटलं तुम्ही विचारणारच नाही," ती म्हणाली.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं ती आत्याला त्या गाडीतून जाताना बघत आली होती, आणि नेहमी कुठे? डावीकडे, खिडकीवर कोपर टेकून, शेजारी घामाघूम झालेला कुणीतरी. आत्याला तिने ड्रायव्हरच्या सीटवर नेऊन बसवलं होतं, तिच्याच गाडीत परक्यासारखं.

दोघांनी मिळून आत्याला डाव्या सीटवर आणलं. ती टेकली, कोपर आपसूक खिडकीवर गेलं, पायाने तिचा तो जादा ब्रेक चाचपला. पाठ ताठ झाली. कारागिराने कातडी स्टिअरिंग चढवलं. आत्याने उजवा हात पुढे केला, आणि काठ चार बोटं लांबच राहिला.

"लहान आहे," ती म्हणाली. "हात पोचेपर्यंत भिंत येईल."

हे 'बरं आहे' नव्हतं!

लाकडी चढलं. बोटं पोचली आणि घसरली. "हे काय दिवाणखान्यात टांगायचंय?" आत्या म्हणाली. "घामट हातांची पोरं असतात, एकेकाचे हात भिजलेल्या फडक्यासारखे. काढा."

कारागिराने मोठ्या आनंदाने काढलं. बोलणी खाऊन इतका खूश झालेला माणूस भाचीने पाहिला नव्हता. मग ते काळं, बारीक, बिनशोभेचं चढलं. मोठं असल्यामुळे त्याचा काठ आत्याच्या बाजूला अगदी हाताशी आला होता. मागच्या अंगाला साच्यातच काढलेले उंचवटे होते. आत्याची वळलेली बोटं पुढे आली. त्यांना मिटावं लागलं नाही की उघडावं लागलं नाही. ती जशी होती तशीच काठामागे जाऊन अडकली. चार महिने मालिश करून, रबरी चेंडू दाबून जो हात सरळ करायची सगळ्यांची खटपट चालली होती, तो हात या कामाला जसाच्या तसा हवा होता.

आत्याने काठ जरासा आपल्याकडे ओढून पाहिला. मग म्हणाली, "उभ्या गाडीत काय कळणार? फिरवून बघायला हवी."

कारागिराने नट पक्का आवळला, हात पुसले आणि दोन पावलं मागे सरला. "मला तर येत नाही."

दोघांनी भाचीकडे पाहिलं.

"मी नाही," भाची म्हणाली. "आत्या, मी बावीस वर्षांत नाही..."

"बस."

एवढाच शब्द. तोही फार मोठ्याने नाही. पण तो ऐकून अकराशे माणसं मुकाट्याने बसली होती, भाचीही बसली. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं. क्लच, पहिला गिअर, सगळं कुठूनतरी पायांना आठवलं. गाडी आवारातून सरकू लागली, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पण भाचीला ती सुसाट वाटत होती. समोर ते गंजकं पिंप मोठं होत चाललं. तिला माहीत होतं की वळायचं आहे, आणि हात मात्र जागचे हलत नव्हते. हलले तेव्हा काठावरून सुटून वर, तोंडाकडे निघाले.

डावीकडून दोन बोटं आली. ती काठामागे अडकली आणि त्यांनी ओढलं, झटका न देता, निवांत. मोठ्या स्टिअरिंगने त्या दोन बोटांचं ऐकलं. पिंप उजव्या बाजूने मागे निघून गेलं आणि समोर मोकळं आवार पसरलं. भाचीने त्या बोटांकडे पाहिलं आणि तिला वाटलं की जगात यापेक्षा सुंदर हात तिने पाहिलेला नाही. एकोणिसाव्या वर्षी तिने तोंड झाकून घेतलं होतं, म्हणून हा हात तिला तेव्हा दिसलाच नव्हता.

बघता बघता तिचा पाय ब्रेकवर गेला, नुसता ब्रेकवर, आणि गाडी गचके खात धडधडू लागली.

"क्लच!"

आवारात कबुतरं उडाली. दारात उभ्या कारागिराच्या हातून पाना खाली पडला. भाचीचा डावा पाय तिला न विचारताच खाली गेला, गाडी शांत उभी राहिली, इंजिन चालूच. भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, समोरची काच दिसेनाशी झाली.

"आता काय झालं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. तू ओरडलीस."

"मग? ओरडू नको तर काय करू? पाय कुठे होता तुझा?" बोटं अजून काठामागेच होती. "आणि हे बघ. रडायचं असेल तर गाडी आधी न्यूट्रलमध्ये टाक."

भाचीने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. मग रडली.