भिंतीपलीकडचं डुक्कर

आमच्या गावात नव्या नवरदेवाला डुकरांचा कोतवाल करायची रीत आहे. लग्न झालं की पुढच्या गावसभेत त्याचं नाव पुकारतात, सगळे हसतात, आणि तो बिचारा वर्षभर मोकाट डुकरांमागे धावतो. सतराशे सत्त्याऐंशी साली हा मान एनॉस लम्बर्डला मिळाला. मी गावाचा कारकून. ठराव लिहिणं माझं काम, त्यावर विचार करणं नाही.

त्या वर्षी एकच डुक्कर गाजत होतं. काळं, धिप्पाड, आणि जोथम गोर्टनच्या मालकीचं. गोर्टनचं शेत कनेक्टिकटात, आमचं गाव मॅसॅच्युसेट्सात, मधे एक पडकी दगडी भिंत. भिंतीला लागून अलीकडे केझाया पीजचं घर. नवरा लढाईत गेला, पदरी दोन मुली. डुकराने तीनदा येऊन तिचा मका, भोपळे, सलगम, सगळं फस्त केलं. आता हिवाळा कशावर काढायचा, एवढाच तिचा प्रश्न होता. आमच्याकडच्या न्यायाधीशाने सांगितलं की मालक परराज्यातला, माझा हुकूम भिंतीपर्यंतच. तिकडच्याने सांगितलं की नुकसान तुमच्या हद्दीत झालं, मला काय त्याचं. शेवटी एनॉसने डुक्कर पकडून कोंडवाड्यात घातलं.

डिसेंबरात गावसभा भरली ती खरं तर वेगळ्याच कामासाठी. फिलाडेल्फियात देशाची नवी राज्यघटना लिहून झाली होती. ती मान्य करायची की नाही हे ठरवायला प्रत्येक गावाने बोस्टनला आपला माणूस पाठवायचा होता. आमच्या चर्चचे वडीलधारे डीकन थ्रॉल बोलायला उभे राहिले. त्यांनी ती घटना वाचली होती असं मी शपथेवर सांगणार नाही, पण संताप मात्र अस्सल होता. दोन राज्यांतल्या माणसांचं भांडण म्हणे साऱ्या देशाचं मिळून एक कोर्ट ऐकणार. आज कोर्ट, उद्या कर, परवा राजा. इंग्लंडच्या राजाला काय याचसाठी हाकललं? दोन तास हेच चाललं. सभेच्या जागी शेकोटी नव्हती, तरी कुणाला थंडी वाजली नाही.

केझाया दाराशी उभी होती. बायकांना सभेत बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने एनॉसनेच विचारलं की कोंडलेल्या डुकराचं काय करू.

डीकन एकदम गंभीर झाले. "परक्या सार्वभौम राज्याचं डुक्कर आपण कोंडून ठेवलंय," ते म्हणाले. "उद्या त्यांनी आपल्या गाई कोंडल्या तर? आपण त्यांच्या कारभारात हात घालायचा नाही, म्हणजे आपल्या कारभारात कुणी घालणार नाही."

ठराव एकमताने झाला. या गावाचा, त्याच्या अधिकाऱ्यांचा आणि रहिवाशांचा त्या डुकरावर, किंवा त्यावरून होणाऱ्या कोणत्याही तंट्यावर, काहीही अधिकार नाही. डुक्कर सोडून द्यावं. त्याच दमात डीकनांना बोस्टनसाठी निवडलं आणि 'नाही' असंच मत द्यायची ताकीद दिली. लिहिताना मला लाज वाटत होती. अक्षर मात्र सुरेख आलं.

सभा सुटल्यावर केझाया माझ्याकडे आली. "दादा, या ठरावाची नक्कल मिळेल का? सहीशिक्क्यासकट."

"मिळेल की. पण बाई, त्याने पोट भरायचं नाही."

"बघू," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी डुक्कर चौथ्यांदा आलं, आणि दुपारपर्यंत तिच्या पिंपात मिठाखाली गेलं. गोर्टन तरातरा भिंत ओलांडून आला. त्याने डीकनांना गाठलं, डीकनांनी मला घेतलं, आणि आम्ही तिघं तिच्या दारात उभे राहिलो. गोर्टनला चोरीचा खटला हवा होता. डीकनही मान डोलवत होते, कारण चोरी ती चोरीच.

केझायाने खिशातून नक्कल काढून माझ्या हातात दिली. तुमचंच अक्षर आहे, तुम्हीच वाचा, म्हणाली. मी मोठ्याने वाचलं. वाचताना मला इतका आनंद झाला की अधिकाराचं वाक्य मी दोनदा वाचलं. डीकनांनी घसा खाकरला. गोर्टन म्हणाला, मग मी आमच्या न्यायाधीशाकडे जातो. पण डुक्कर मेलं भिंतीच्या अलीकडे, हे त्यालाही आठवलं असावं, कारण तो हलला नाही.

"मग मी दाद मागू तरी कुठे?" त्याने विचारलं.

"दोन राज्यांतली भांडणं ऐकणारं एक कोर्ट निघतंय म्हणे," केझाया पिंपावर झाकण ठेवत म्हणाली. "पण ते नको, असं सांगायला डीकन पुढच्या महिन्यात बोस्टनला जाताहेत. त्यांनाच विचारा."

गोर्टन डीकनांकडे वळला आणि त्या नव्या कोर्टाचे फायदे तळमळीने सांगू लागला. इतकं मनापासून त्या घटनेची बाजू घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

निघताना केझायाने माझ्या हातात भाजलेल्या बरगड्यांचा एक चांगला तुकडा फडक्यात बांधून दिला. वास दरवळत होता. डीकन उंबऱ्यावर जरा रेंगाळले, पिंपाकडे बघत.

"तुम्हाला कसं देऊ, डीकन?" ती म्हणाली. "तुमचा या डुकरावर काहीही अधिकार नाही."