राक्षसांची बोली

मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली चौघं दर रविवारी प्रणयच्या घरी माळ्यावर जमायची. खेळ असा की प्रणयने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. शाम तलवारबाज होता, नम्रता जादूगारीण. जिवलीने झाडपाल्याचं औषध देणारी बाई घेतली होती.

जिवली सिद्धगडाच्या पायथ्याची, ठाकरवाडीतली. होस्टेलवर राहायची. माळ्यावर तिला कोणी वाडीचं काही विचारत नसे, म्हणून तिथे तिला बरं वाटायचं.

एकदा कॅन्टीनमध्ये प्रणय म्हणाला, "जिवले, माझे राक्षस कोणाला खरे वाटत नाय गो. नुसते येतात नि मरतात. काय करू?"

तिने मनापासून विचार केला. "त्यांना घर दे, चूल दे. मारायच्या आधी खेळणाऱ्याचा हात अडला पाहिजे. आणि एक नियम कर. बोलून मिटत असेल तिथे फासा टाकायचा नाय."

"भारी! आणि बोलतील कसे?"

"त्यांची बोली असेल की. पावणा आला की काय म्हणतात, तेवढं जरी घेतलंस तरी पुरे." मग दारात कोणी आलं की तिचा बाप जे म्हणतो ते तिने सांगितलं, "ये रं, बस. पेज पी."

प्रणयने दोनदा म्हणून बघितलं. तिने त्याचा हेल सुधारून दिला.

रविवारी गोष्ट जंगलात शिरली. गावातलं भात चोरणारी राक्षसांची टोळी गुहेत होती. प्रणयने पाठीला कुबड काढलं, ओठ वाकडे केले, सोटा उगारल्यासारखा हात वर नेला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ये रं, बस. पेज पी."

हेल अगदी बरोबर होता.

शाम हसून हसून आडवा झाला. नम्रता डोळे पुसत म्हणाली, "अजून एकदा, प्लीज." प्रणयने अजून एकदा म्हटलं. मग शामने फासा टाकला आणि पहिला राक्षस मारला.

जिवलीची पाळी आली. "मी त्यांच्या बाजूला उभी राहते," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

"टोळीच्या. शामला अडवते."

"तसं नाय चालत गो. तू आपल्या गटात आहेस."

"माझं पात्र काय करणार ते मी ठरवणार. नियम तुझाच आहे."

तिने फासा टाकला. वीस आला. त्याच्या वर आकडाच नव्हता.

प्रणयने फासा उचलून शामच्या हातात दिला. "हा धरायचा नाय. गटात मारामारी केली की खेळाची मजा जाते. शाम, तू टाक."

नम्रता मोबाइलमध्ये बघत राहिली. जिवलीने चपला घातल्या आणि ती खाली उतरली.

"एवढं काय झालं तिला?" माळ्यावरून शामचा आवाज आला.

दिवाळीनंतर प्रणयला कल्याणच्या एका क्लबाने खेळ चालवायला बोलावलं. त्याने त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि नम्रताने तो कौतुकाने जिवलीला पाठवला. खोली भरलेली होती, सगळे टाळ्या वाजवत होते आणि प्रणय कुबड काढून तेच वाक्य म्हणत होता. खाली त्याने लिहिलं होतं: राक्षसांची बोली, साभार जिवली.

त्या रविवारनंतर तिने पहिल्यांदाच त्याला फोन केला. "माझं नाव काढ."

"अगं, श्रेय दिलंय तुला. लोक तर असंच ढापतात."

"तो माझ्या बापाचा शब्द आहे, प्रणय."

"बापाचा?" त्याने हळू आवाजात विचारलं. तिला वाटलं, कळलं त्याला.

"बरं, तुझी मर्जी," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत नाव निघालं होतं. व्हिडिओ तसाच होता, आणि खाली कोणीतरी विचारत होतं, हा आवाज कसा काढायचा ते शिकवाल का?