पुढची फळी

“तारा सैल केल्याशिवाय तिला पेटीत राहू देऊ नकोस. फळी फुगेल.”

गोपीनाथरावांचा आवाज लतिकाताईंच्या कानात अजून जसाच्या तसा होता. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक ही, आणि दुसरी, “ती चंद्रिकाला दे.” लतिकाताईंनी मान हलवली होती. जाणाऱ्या माणसापुढे हलवलेली मान म्हणजे शब्दच, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण वर्षश्राद्ध होऊन गेलं, त्यालाही महिने उलटले, तरी गिटार डहाणूजवळच्या सरावलीतल्या घरातच होती. देवघराच्या भिंतीला टेकून, पेटीत, तारा तशाच ताणलेल्या.

“तिला हात कोण लावणार?” त्या शेजारच्या भारतीबेनना म्हणायच्या.

“हात नका लावू,” भारतीबेन म्हणायच्या, “पण सवतीला मखमलीत निजवून रोज उदबत्तीचा वास तुम्हीच देता ने.”

आणि आज दुपारी चंद्रिका स्वतःच आली. तलासरीकडच्या डोंगरातल्या शेतकऱ्याची पोर. शाळेत असताना डहाणूच्या वसतिगृहात राहायची आणि संध्याकाळी गोपीनाथरावांकडे गिटार शिकायला यायची. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून दमून यायचे, आणि ही दारात दिसली की त्यांचा शीणच पळायचा. आता ती तलासरीच्या शाळेत शिक्षिका होती.

“काकू, घरच्या नाचणीचं पीठ आणलंय. उद्या तुमची एकादशी, चालणार नाही. परवा भाकरी करा.”

“माझी एकादशी बरी आठवते तुला.”

“काका सांगायचे ना. तुमचे सगळे उपास मला पाठ आहेत.”

लतिकाताई वाती वळत होत्या. ह्यांनी आपले उपास हिला सांगावेत, हेही त्यांना खुपलं. चंद्रिकाची नजर देवघराकडे गेली.

“एकदा बघू का तिला?”

“बघ की. बघायला कोण नाही म्हणतं.”

चंद्रिकाने पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळून सूर जुळवले आणि सर्वांत जाड तार छेडली. वात वळणारा लतिकाताईंचा हात थांबला.

“ही अशी नव्हती बोलत,” त्या म्हणाल्या. “मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखी बोलतेय.”

पूर्वी ती तार वाजली की देवघरातल्या पंचपात्रीतली पळी आपोआप किणकिणायची. लतिकाताई रोज सहस्रनाम म्हणायच्या, तेव्हा पळी गप्प असायची. ह्यांनी एक तार छेडली की मात्र ओ द्यायची. आपल्या देवघरातली, आपण चिंचेने घासलेली पळी तिला ओ देते, हे दुखणं त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. आज पळी हलली नाही. आणि त्यांना बरं वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

“काकू, किती बारीक ऐकू येतं तुम्हाला,” चंद्रिका म्हणाली. तिने गिटार आडवी धरून डोळ्यासमोर आणली, पुढच्या फळीवर तळवा फिरवला. तारा ज्या पट्टीत अडकवलेल्या असतात ती घोडी मागून किंचित उचलली होती, आणि तिच्याखालची फळी पोट आल्यासारखी वर आली होती. “तारा सैल नव्हत्या केल्या का?”

“मला काय कळतं त्यातलं.”

खोटं सहज निघून गेलं. रोजचं नामस्मरण करणाऱ्या जिभेवर त्याची कडवट चव मात्र मागे राहिली.

“आवाज तारेचा नसतोच काकू. तार नुसती थरथरते. ती थरथर फळीत उतरली, तरच पोटातली हवा बोलते. म्हणून तर फळी इतकी पातळ असते, आतून बारीक पट्ट्या लावून सावरलेली. जाड केली तर मुकी होते, पट्ट्या नसल्या तर बसते. माझी गिटार प्लायवूडची. तिला ऊन नाही, पाऊस नाही, कशाने काही होत नाही. आणि बोलतही नाही. काका म्हणायचे, जे लाकूड रुसतं तेच बोलतं.”

“मी रुसले तर आठवडा आठवडा कुणी विचारत नसे.”

चंद्रिका हसली. लतिकाताई हसल्या नाहीत.

लग्नानंतर फार वर्षांनी एका आषाढात त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, “मी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडते. तुम्ही काय सोडता?”

“पडवळ,” गोपीनाथराव म्हणाले होते.

“पडवळ तुम्ही खाताच कुठे? आवडतं ते सोडायचं असतं.”

त्यांनी एकदा गिटारीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग तारा सैल केल्या आणि पेटी बंद केली. “बरं. कार्तिकी एकादशीपर्यंत हात लावणार नाही. शब्द.” देवाचं नाव होतं, डाव लतिकाताईंचा होता. तो साधला म्हणून त्या आठवडाभर मनातल्या मनात सुखात होत्या. पण पुढच्याच रविवारी गोपीनाथराव तलासरीच्या गाडीत बसले, शाळा संपवून घरी परतलेल्या चंद्रिकाकडे गेले, संध्याकाळी शीळ घालत परत आले. मग दर चातुर्मासात, दर रविवारी तेच. विचारलं तर म्हणत, “चंद्रिकाचा धडा अडलाय.” लतिकाताईंनी पुन्हा विचारलं नाही. घरात मुकं राहायचं आणि तिकडे जाऊन बोलायचं, असं त्यांनी मनाशी धरलं, ते आजपर्यंत.

ते आता तोंडावाटे बाहेर आलंच. “रविवारी तुमच्याकडे वाजायचीच की. चार महिने ती प्लायवूडची तरी सुखी होती.”

“कोण, काका वाजवायचे?” चंद्रिकाने मान वर केली. “छे हो. आई किती आग्रह करायची, गुरुजी, एक तरी ऐकवा. तर हात पाठीमागे बांधून बसायचे. कुठलं बोट कुठे ठेवायचं ते तोंडाने सांगायचे. माझं चुकलं की कळवळायचे, उठून अंगणात फेऱ्या मारायचे, पण गिटारीला बोट लावलं नाही कधी. आईला सांगायचे, घरी शब्द दिलाय.”

हातातली वात लतिकाताईंनी इतकी पिळली की ती तुटली.

चंद्रिकाने गिटार पेटीत ठेवली. “वापीला एक जण घोडी काढून पुन्हा बसवून देतो. तोवर तारा तेवढ्या सैल करा. मी करू?”

“राहू दे. मी बघते.”

चंद्रिका नमस्कार करून निघाली. तिने गिटार मागितली नाही. गोपीनाथराव काय सांगून गेले ते तिला ठाऊकच नव्हतं, आणि लतिकाताईंच्या ओठांवर आलेलं वाक्य उंबऱ्याशी अडलं.

सांजवात लावताना त्यांना हळद आठवली. दर कार्तिकात, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोपीनाथराव स्वयंपाकघरात यायचे, डावा हात पुढे करायचे. बोटांची टोकं फोडांनी लाल झालेली असायची. “चार महिन्यांत कातडी मऊ पडली बघ,” म्हणायचे. त्या तेलात हळद कालवून एकेका बोटाला लावायच्या आणि मनात म्हणायच्या, भोगा. जो माणूस दर रविवारी वाजवत होता, त्याच्या बोटांना दर कार्तिकात नवे फोड कसे आले, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. बोटं त्यांच्याच हातात होती.

सकाळी पूजा झाली. विठ्ठलाला तुळस वाहून त्या पेटीपाशी बसल्या. पेटी उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गिटारीला हात लावला. कुठली खुंटी कुठल्या बाजूला पिळायची ते माहीत नव्हतं. पहिली उलटी फिरली, तार किंचाळायला लागली, तशी त्यांनी चटकन हात मागे घेतला आणि मग दुसऱ्या बाजूने हळूच वळवली. सूर खाली खाली उतरत गेला, पाळण्यातलं मूल रडत रडत झोपी जावं तसा. एकेक करून सगळ्या तारा निवल्या. फुगलेल्या फळीवर त्यांनी क्षणभर तळवा ठेवला. आणि कुणी बघत नाही ना अशा घाईने काढूनही घेतला.

पावसाची उघडीप होती. तरी त्यांनी पेटीवर प्लास्टिक गुंडाळलं, काखेत छत्री घेतली, दाराला कुलूप लावलं.

भारतीबेन ओट्यावर उभ्या होत्या. “एकादशीची कुठे निघालात, आणि तेही हिला घेऊन?”

“तलासरीला. चंद्रिकाची आहे ती.”

भारतीबेननी पेटीकडे पाहिलं, मग लतिकाताईंच्या चेहऱ्याकडे. नेहमीसारखी थट्टा त्यांनी केली नाही. सहज विचारावं तसं विचारलं, “यंदा चातुर्मासात काय सोडताय?”

लतिकाताईंनी पेटीचा पट्टा खांद्यावर नीट केला. “येते,” म्हणाल्या, आणि डबकी चुकवत, पेटीला कशाचा धक्का लागू नये अशा बेताने, गाडीच्या वाटेला लागल्या.