तीन वर्षं एकच नकाशा

नव्या वाणांना मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक अकराला होती. नऊ वाजता मी पडद्यावर दाखवायची चित्रं लावत बसले होते. तीन वर्षांचे चाचणीच्या शेताचे नकाशे शेजारी शेजारी आले होते. तिन्ही हुबेहूब एकच!

अहो, कोणतं वाण कोणत्या वाफ्यात पेरायचं, हे दरवर्षी नव्याने सोडत काढून ठरवायचं असतं. म्हणजे चांगली जमीन, जास्तीचं पाणी एकाच्याच वाट्याला जात नाही. गहू संशोधन केंद्रात आकडेवारी बघणाऱ्या बाईचं, म्हणजे माझं, ते पहिलं काम. पहिल्या वर्षी मी सोडत काढली. दुसऱ्या वर्षी लेकीला गोवर निघाला होता, म्हणून जुनाच कागद छापून दिला. तिसऱ्या वर्षी का दिला, तेही आठवेना. आळस, दुसरं काय!

शेताच्या चार पट्ट्या, प्रत्येकीत प्रत्येक वाणाचा एक वाफा. त्यांपैकी तीन पट्ट्यांत एकोणीस नंबरचा गहू पाटाच्या कडेला पडला होता. तिन्ही वर्षं. आणि पाट झिरपतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जागेचा फायदा वजा करून मी गणित पुन्हा मांडलं. एकोणीसचं नेहमीच्या वाणापेक्षा बारा टक्के जास्त उत्पन्न दीड टक्क्यावर आलं. तेवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

एकोणीस नंबर माझ्या दादाचा. सख्ख्या भावाचा. संकर करून, पिढ्यामागून पिढ्या निवडून त्याने तो चौदा वर्षांत घडवला होता. आज मंजुरी मिळाली की बी थेट शेतकऱ्यांकडे जाणार होतं.

दादा धान्य तोलायच्या वजनखोलीत इस्त्रीचा शर्ट सांभाळत उभा होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"कुणाकुणाला कळलंय?"

"मला."

"मग गप्प बस ना, बये! चौदा वर्षं घासलीयेत मी. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय."

"आणि बी पेरणाऱ्यांचं काय? त्यांच्या प्रत्येक वाफ्याला पाट आहे का?"

"मला शिकवू नकोस." तो ताडताड निघून गेला.

मला एका जागी बसवेना. दोनदा जिन्यापर्यंत गेले, परत आले. चूक माझी, भोगणार तो, आणि राग मात्र मला त्याचाच येत होता.

बैठकीत दादा झकास बोलला. बारा टक्के म्हणताना जरासुद्धा चाचरला नाही. अध्यक्षबाईंनी सहीसाठी कागद ओढला आणि मी उभी राहिले. नकाशा, पाट, दीड टक्का, सगळं सांगितलं. "चूक सर्वस्वी माझी आहे," म्हटलं.

अध्यक्षबाई दादाकडे वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं?"

हो म्हटलं तर त्याची सगळी नोकरी मातीत जाणार.

"नाही!" मीच ओरडले. "त्यांना आत्ताच कळतंय."

खरं सांगायला उठलेली मी, आणि बघा माझी तऱ्हा.

"माहीत होतं," दादा म्हणाला. "तासाभरापूर्वी हिनेच सांगितलं. मीच हिला गप्प बसवलं."

मग त्याने कागद आवरले, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. मला हुंदका फुटला.

"रडू नकोस गं," तो पुटपुटला. "ऊठ, त्यांना दीड टक्का कसा काढलास ते नीट समजावून सांग."