पालथ्या हंड्यातलं नाव

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा हंडा आहे, आणि मी पालथा आहे. तुमच्या घरचे हंडे सुलटे असतात आणि त्यांत पाणी असतं. माझ्यात आवाज आहेत. घाबरू नका. म्हणजे थोडं घाबरलात तरी हरकत नाही, मीही घाबरत आलो आहे.

वाळूच्या साच्यात तापलेलं बीड ओतून मला घडवलं. तीन पाय, दोन कान आणि हे एवढं मोठं पोट. मग गलबतात घालून मला अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या खाडीकाठी आणलं, भाताच्या मळ्यावर. मळा गोऱ्या मालकाचा. चिखलात राबणारी माणसं काळी, आणि तीही त्याच्याच मालकीची. त्याच्या लेखी हंडा, बैल आणि माणूस एकाच रांगेतले. मला मात्र विकत घेताना कुणी माझे दात उचकटून पाहिले नव्हते.

दिवसा माझ्यात कपडे उकळायचे, चरबी वितळायची, साबण शिजायचा. अंधार पडला की ही माणसं मला उचलून झाडीत न्यायची. तिथे ती चोरून प्रार्थना करत. मनाई होती; कळलं तर चाबूक. म्हणून मला मध्ये पालथा घालत आणि कडेखाली एक दगड सरकवून जराशी फट ठेवत. हंडा आवाज गिळतो, मालकाच्या घरापर्यंत जाऊ देत नाही, असं त्यांचं म्हणणं. हसू नका, मी खरंच गिळत होतो. गाणी, हुंदके, एका म्हाताऱ्याचा कोरडा खोकला, कुणाचं तरी दाबलेलं हसू. शेवटी गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारत. तीही माझ्या पोटात जात.

आत गेलेलं आतच राहतं. मला सुलटं केलं तरच बाहेर येतं, आणि तेही एकदाच. कणगीत शेवटी टाकलेला दाणा आधी हाताला लागतो ना, तसंच इथे. शेवटचा आवाज आधी निघतो आणि सगळ्यात जुना सगळ्यात शेवटी. ऐकायला कुणी नसलं तर गेला तो गेलाच. रोज सकाळी कामासाठी मला सुलटं करत आणि रात्रीचं सगळं असंच विरून जाई.

त्या माणसांत डायसी नावाची एक बाई होती. भात कांडायची. तिचा मुलगा सात वर्षांचा. एके दिवशी मालकाला पैशांची नड लागली आणि त्याने मुलगा विकला. उद्या सकाळी होडी निघणार असं ठरलं. त्या संध्याकाळी पोरगं एकटंच माझ्याकडे आलं, कडेखाली तोंड घालून काहीतरी बोललं आणि पळून गेलं. काय बोललं ते मी आत्ता सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्याने स्वतःचं नाव माझ्याकडे ठेवायला दिलं. सकाळी होडी गेली.

मग डायसीने एक गाणं रचलं. कांडता कांडता म्हणायची, आणि माझ्या कडेशी वाकूनही म्हणायची, तो आला की त्याला मिळावं म्हणून. हंड्याला चीर गेलीय असं सांगून तिने होडी गेली त्या सकाळपासूनच मला कामाला लावू दिलं नाही; तेव्हापासून मी पालथाच, झाडीतही पालथाच नेत.

पाणी गेलं खाडीतून, पाणी आलं घरी,
भात कांडता कांडता कान माझा दारी.
चूल नाही विझविली, भाकर ठेवली अर्धी,
ये रे हं-हं, माझ्या हं-हं, मरणाच्या आधी.

हं-हं म्हणजे त्याचं नाव. ती ते उच्चारायची नाही. झाडीत नाव पुकारायचं ते मेलेल्यांचं. तिचं पोर मेलं नव्हतं, दूर होतं. कुणी चुकून पुकारलं तर ती तोंडावर हात ठेवायची. हळूहळू सगळ्यांनीच ते नाव टाकलं आणि नुसता हुंकार राहिला.

मग गुलामी संपली. लोकांनी आपापले हंडे सुलटे केले. डायसीने मला हात लावू दिला नाही. "ह्यात माझ्या पोराचं गाणं आहे," म्हणायची, "तो येईल आणि तोच सुलटा करेल." रोज संध्याकाळी माझ्या पाठीला टेकून ती खाडीकडे बघत बसे. अगं बाई, तुझ्या पोराचा आवाज तुझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर आहे! माझा जीव तुटायचा. पण हंड्याला तोंड असतं, जीभ नसते. ती तशीच वाट बघत गेली.

त्यानंतर मी अंगणातच राहिलो. गंज चढला. कुत्री माझ्या सावलीला बसत नाहीत, बेडूक माझ्याखाली शिरत नाहीत. एका उन्हाळ्यात गवत काढायला आलेल्या माणसाने दाताळ्याने माझी कड उगीच उचलली. आतून म्हाताऱ्या डायसीचा शेवटचा खोकला बाहेर पडला. त्या माणसाने दाताळं तिथेच टाकलं. मजुरी मागायलासुद्धा आला नाही बिचारा.

आता ज्या घराच्या अंगणात मी आहे ते डायसीला पुढे झालेल्या मुलीच्या वंशातलं घर. घरात ओझेलाआत्या, वय वर्षं एक्याण्णव, आणि तिच्या भावाची नात केझिया, सातवीतली. व्हरांड्याचं छत निळं रंगवलेलं आहे. भुतांना ते पाणी वाटतं आणि ती पायरीवरूनच परत जातात म्हणे. मी अंगणात असल्यामुळे मला त्याचा काही उपयोग नाही.

फेब्रुवारीत केझियाच्या शाळेत दरवर्षी प्रकल्प असतो. आपल्या काळ्या माणसांचा इतिहास शोधायचा, आणि त्याच्या जोडीला एक कविता. बाकीच्या मुलांनी पुस्तकांतले मोठमोठे कवी घेतले. केझियाने डायसी घेतली. सरकारी कचेरीत जाऊन मळ्याचे जुने कागद पाहिले आणि परत आली ती दप्तर आपटतच.

"आत्या, बैलांची नावं लिहिलीयत! बक आणि ब्राइट. आणि डायसीच्या पोराचं काय, तर 'मुलगा, वय सात'. बस्स!"

"बैल हरवला तर शोधायचा असतो गं," आत्या भेंडी चिरता चिरता म्हणाली. "पोराला शोधायला कोण जाणार होतं?"

"वर्गात मी हं-हं म्हटलं तर सगळे फिदीफिदी हसले."

"आणि तुझ्या त्या गॅड्सनबाई?"

"त्या नाही हसल्या. म्हणाल्या, कवितेत भोक आहे केझिया, बुजव नाहीतर दाखव. आणि पुरावा म्हणून एखादी वस्तू आण." केझियाने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. "मी त्याला नेते."

आत्याची सुरी थांबली. "त्याला हात लावायचा नाही. पोर आल्याशिवाय तो सुलटा व्हायचा नाही, असं डायसीने सांगितलंय."

"आत्या, ते पोर आता कुठून येणार? कधीच गेलं असेल ते, दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने." केझियाने दप्तर बाजूला सारलं. "मी आलेय ना. मी आले तर चालणार नाही का?"

आत्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "जन्मभर मी हं-हं करत आले. उद्या वर गेले आणि डायसीने विचारलं, 'माझ्या पोराला काय हाक मारता गं तुम्ही?', तर काय सांगू? हं-हं? जा. कर सुलटा. पण जपून."

मित्रांनो, दुपार होती, खाडीवरून धुकं चढत होतं. केझिया आली ती कानांत गाणी खुपसून. आत्याचं ऐकायचं यंत्र स्वयंपाकघरात भेंड्यांच्या शेजारी राहिलेलं. दोघींना काही ऐकू येत नव्हतं आणि मला उलटायला निघाल्या होत्या! अगं पोरी, काढ ती बोंडं कानातून! मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

तिने दोन्ही हात लावून मला कलतं केलं. कड चिखलातून सुटली आणि मी उताणा झालो. त्या सरशी आवाज निघाले. आधी डायसीच्या उत्तरवयातलं पुटपुटणं, सगळं वाया. मग प्रार्थना, एका मागोमाग एक. धुकं माझ्या तोंडाशी थरथरत होतं आणि केझिया मान डोलवत घासणी शोधत होती.

यंत्र नसतानाही माझी घुमघुम जमिनीतून पायरीवर बसलेल्या आत्याच्या हाडांपर्यंत पोचली, आणि तिने हात वर केला. "कोण गातंय?"

केझियाने तिचं तोंड पाहिलं आणि कानांतली बोंडं उपटली. मग तिनेही ऐकलं. रिकाम्या अंगणात पुष्कळ माणसं दबक्या आवाजात गात होती. कुणी हुंदका गिळत होतं. कुणी नावं पुकारत होतं, आणि प्रत्येक नावानंतर बाकीचे 'हो' म्हणत होते. केझिया दाराकडे वळली.

"पळू नकोस!" आत्या ओरडली. "आपलीच माणसं आहेत!"

मग तरुण डायसीचा आवाज आला, गाणं म्हणणारा. आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चौथी ओळ आली. दोघींनी श्वास रोखला. ये रे हं-हं, माझ्या हं-हं... हंड्यातही हुंकारच! गाणं संपलं आणि अंगण गप्प झालं.

"बघ," आत्या डोळे पुसत म्हणाली. "तिने इथेसुद्धा नाही सांगितलं. ठेव बाई त्याला पालथा. झालं."

झालं? माझं बूड गार पडलं. अगदी तळाशी ते पोर अजून होतं. आत्ता मला पालथं घातलं असतं तर माझी कड चिखलावर आपटली असती आणि उरलंसुरलं त्या दणक्याने सांडून गेलं असतं.

केझियाने माझे कान धरले, पण उचललं नाही. "गॅड्सनबाई म्हणतात, शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही," ती म्हणाली, आणि आपलं डोकं थेट माझ्या पोटात घातलं. आत काळाकुट्ट अंधार होता. त्या अंधारात तिच्या गालाजवळ कुणीतरी लहान पोराने श्वास घेतला.

"हंड्या, माझं नाव ठेवून घे," ते म्हणालं. "तिकडे मला दुसरं देणार आहेत म्हणे. मी मिंगो. आईला सांगू नकोस, ती रडेल. मी आलो की परत घेईन."

केझिया किती तरी वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचं तोंड गंजाने माखलेलं होतं आणि दोन गालांवर दोन स्वच्छ रेघा. तिने आत्याच्या कानाशी तोंड नेऊन ते नाव सांगितलं. आत्याने पोरीला पोटाशी धरलं.

गॅड्सनबाईंनी गाडीच्या मागच्या सीटवर मला पट्टा बांधून नेलं. शाळेच्या प्रकल्पांचं प्रदर्शन चर्चच्या सभागृहात होतं. गावातले सगळे आले होते, आणि डायसीचं गाणं तिथे सगळ्यांनाच येत होतं.

"केझिया, हे नाव तुला कुठे मिळालं?" बाईंनी विचारलं.

"ह्या हंड्यात."

मागच्या रांगेतली पोरं खिदळली. बाईंनी नुसतं तिकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. "आणखी कुणी ऐकलं?"

आत्या काठी टेकत उभी राहिली. "मी नाही ऐकलं. मी पोरीचं तोंड पाहिलं. मला तेवढं पुरे."

"मला 'पडताळता येत नाही' असं लिहावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

"लिहा ना बाई," केझिया म्हणाली. "पण त्याच्या आधी नाव लिहा."

बाईंनी लिहिलं. मग केझियाने गाणं सुरू केलं आणि सगळे तिच्यात मिसळले. चौथ्या ओळीला आजवरच्या सवयीने अर्ध्या लोकांचे ओठ हुंकारासाठी मिटले, पण आत्या पुढे झाली आणि खणखणीत म्हणाली:

ये रे मिंगो, माझ्या मिंगो, मरणाच्या आधी.

मग सगळ्या सभागृहाने म्हटलं. पुन्हा म्हटलं. मी तिथे उताणा, रिकामा, आणि माझं बीड आपोआप घुमू लागलं. केझिया हुशार पोर. गाणं संपायच्या आत तिने मला पालथं घातलं.

पालथाच घरी आणून मला जुन्या जागी ठेवलं. केझियाने कडेखाली या वेळी जरा मोठा दगड सरकवला. लहान मुलाचा हात आत जाईल एवढी फट राहिली. आत्याने शेजारच्या विटेवर मक्याची अर्धी भाकर ठेवली. दोघी आत गेल्या.

दिवेलागणीला भरती चढली. खाडीकडून पावलं आली, हलकी आणि ओली. निळ्या छताच्या पायरीशी क्षणभर थांबली आणि माझ्याकडे वळली. फटीतून एक हात आत आला. गार होता. माझ्याकडे त्याने ठेवलेलं उरलं नव्हतं, पण गावाने भरून दिलेलं होतं. ते सगळं मी त्याच्या मुठीत घातलं.

सकाळी भाकर नव्हती. आत्या म्हणाली, रॅकून असेल, रात्री चोरून खाणारं जनावर ते. केझियाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार!

मित्रांनो, अंगणात, माळ्यावर, जिन्याखाली कुठे एखादं जुनं भांडं पालथं पडलेलं दिसलं तर ते मोडीत घालू नका, त्यात फुलझाडंही लावू नका. आधी कानांतलं सगळं काढा, शेजारी बसा, आणि मग हळूच उचला. शेवटचा आवाज येईपर्यंत उठू नका. एका आईला ते कुणी सांगितलं नव्हतं. ती माझ्या पाठीला टेकून बसायची आणि खाडीकडे बघत राहायची.