नमुनापेटीचा सूड

मी एक जुनी, निळी नमुनापेटी आहे, मित्रांनो, आणि रागीट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

माझ्या दुहेरी भिंतींमध्ये जाड फेस भरला गेला आणि पाणी तपासणाऱ्या कार्यालयात माझी रवानगी झाली. काम साधं. नदीनाल्यांच्या पाण्याच्या बाटल्या बर्फात घालून प्रयोगशाळेपर्यंत न्यायच्या. गार आणि अंधारात राहिलं की पाणी जसं भरलं तसंच राहतं. नमुने घेणाऱ्या ताईंनी नऊ वर्षं मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्या गुडघाभर पाण्यात उतरायच्या, प्रवाहाकडे तोंड करून उभ्या राहायच्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या आणि मगच भरायच्या. घरी जाताना मला पुसून, झाकण उघडं ठेवून जायच्या.

मग रंगाच्या कारखान्यामागच्या नाल्यात ताईंना विष सापडलं. तेच पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीत पाझरत होतं. तिथली पोरं अंगभर खाजवून बेजार झाली होती. पण कारखान्याचा मॅनेजर पडला आमच्या साहेबांचा मेहुणा! साहेबांनी अहवाल वाचला आणि खापर चक्क माझ्यावर फोडलं. पेटी जुनाट आहे, गार राहत नाही, म्हणून नमुने बाद, असं लिहून मोकळे झाले. ताईंना फायलींच्या खोलीत बसवलं. मला कपाटाशी सरकवलं आणि माझ्यावर चढून वरच्या फायली काढू लागले. एक दिवस माझ्या झाकणाला तडा गेला. मी गार राहत नाही? मी? माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

सात महिन्यांनी वस्तीतल्या बायका कार्यालयाच्या दारात ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे फेरतपासणी ठरली. नवी पेटी कोणी मागवलीच नव्हती. साहेब मलाच गाडीत घालून निघाले. नाल्यात उतरायचं तर बूट भिजणार. त्यांनी मेहुण्याच्या बागेतल्या नळाखाली चारही बाटल्या भरल्या, त्यांवर नाल्यातल्या चार जागांची नावं लिहिली, सही ठोकली, बाटल्या माझ्यातल्या बर्फात खुपसल्या आणि ते जेवायला बसले. मी दुपारभर तापलेल्या गाडीत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता माझी पाळी आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ऊब आणि उजेड लागला की ते हळूहळू नाहीसं होतं. ते गेलं असतं तर साहेब सहीसलामत सुटले असते. मी तडकलेलं झाकण घट्ट आवळून धरलं आणि बर्फाचा खडा न् खडा राखला. उभ्या आयुष्यात मी इतकी गार राहिले नव्हते.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी पहिली बाटली उघडली, नाकाशी नेली आणि त्या थांबल्या. क्लोरीन ओळखणाऱ्या औषधाचे चार थेंब टाकताच पाणी गुलाबी झालं. चारही बाटल्यांत तेच. त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं.

"साहेब, नाल्यात क्लोरीन कधीपासून वाहायला लागलं?"

साहेबांनी पुन्हा माझ्याकडेच बोट दाखवलं. पेटी गरम झाली असेल, म्हणाले. बाईंनी माझ्यातला तापमापक काढून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"चार अंश. पेटी उत्तम आहे."

काय गोड वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी ताई नाल्यावर निघाल्या. वरिष्ठांनी साहेबांनाही धाडलं, मला उचलायला. ताईंनी बर्फ जरा जास्तच भरला होता. उतारावर साहेब घसरले आणि चिखलात बसले, पण मला आपटायची त्यांची हिंमत झाली नाही. नव्या नमुन्यांत पुन्हा तेच विष निघालं. आठवड्याभरात कारखान्याचं गटार बंद झालं आणि साहेबांची खुर्चीही गेली.

तरी माझा राग गेलेला नाही. सात महिने ते पाणी वस्तीच्या पोटात गेलं. एका आजीची नात अजून अंथरुणावर आहे. तिच्यासाठी मी साहेबांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मित्रांनो, मला पुसत जा, सावलीत ठेवा, माझ्यावर चढू नका. आणि पाण्याच्या बाटलीवर कधी खोटी चिठ्ठी लावू नका. लावायचीच असेल, तर ती बाटली माझ्यात ठेवू नका. मी नीट जपून ठेवते.