किल्ली काढल्यावर

इंजिन बंद पडून मिनिट उलटले होते, तरी त्याच्या नसण्याचा आवाज सारसोळ्याच्या खाडीकाठी अजून घुमत होता. बांधाच्या मध्यावर, रात्रीच्या भरतीने भिजवून ठेवलेल्या राखाडी चिखलात, ती तीनशे किलोंची जपानी मोटारसायकल जराशी कलून उभी होती. गुडघे टेकण्यापूर्वी थबकलेल्या जनावरासारखी. दोन्ही बाजूंना मिठागराचे चौकोन, त्यांत उतरलेले सकाळचे पांढरे आभाळ, आणि बांधावर चार माणसे. त्यांतले तिघे चौथीकडे पाहत होते.

चौथी उज्वला होती. महाप्याच्या मोटारसायकल-कंपनीतली टायपिस्ट. आज सकाळी गाडीत पेट्रोल भरले होते ते तिच्या देखरेखीखाली. आणि गाडी बंद पडली की माणसाचा पहिला संशय पेट्रोलवर जातो, दुसरा ते भरणाऱ्यावर.

“पाणी आहे,” गाडीवर बसलेला कंपनीचा चाचणी-चालक रणजीत निकम अखेर म्हणाला. “पेट्रोलमध्ये पाणी. शंभर टक्के. पिळतोय तरी गाडी ओढत नाही. घुसमटते नुसती.”

“उज्वला,” कंपनीचे मॅनेजर परचुरे साहेब दातांवर दात ठेवून म्हणाले, “एवढं एक साधं काम सांगितलं होतं.”

तिसरे होते सबनीस. महामार्गावरच्या गस्तीसाठी मोटारसायकली घ्यायच्या म्हणून एका सरकारी खात्याने त्यांना परीक्षक नेमले होते. त्यांच्या हातातल्या पाटीवर एक छापील तक्ता होता. डांबरी रस्ता, चिखलाचा बांध, ओला चढ, अशा तीन चाचण्या. आणि सर्वांत वर एक रिकामी ओळ: चालकाचे नाव. ती ओळ चाचण्या पूर्ण झाल्यावर, त्या पूर्ण करणाऱ्याच्या नावाने भरायची होती. डांबराची चाचणी येतानाच उरकली होती.

त्या ओळीकडे उज्वला सकाळपासून चोरून पाहत होती. खरे तर गेले वर्षभर पाहत होती.

वर्षापूर्वी ही गाडी कंपनीत आली तेव्हा तिच्यासोबत दोनशे पानांचे इंग्रजी पुस्तक आले. कारागिरांसाठी ते मराठीत आणायचे काम परचुऱ्यांनी उज्वलाकडे लोटले, कारण ती पदवीधर होती आणि टाइपरायटर तिच्याच टेबलावर होता. संध्याकाळी सगळे गेले की ती एकेक वाक्य घेऊन बसे. मागचे चाक घसरून पुढच्यापेक्षा वेगाने फिरू लागले, की इंजिनाची ताकद आपोआप आवरती घेणारी एक यंत्रणा या गाडीत होती. तिला काय म्हणावे यावर उज्वलाने आठ दिवस घालवले आणि शेवटी ‘पकड-नियंत्रण’ असे लिहिले. लिहिताना तिला वाटले होते, हे चाकापुरतेच कुठे आहे? ताकद असते, पण तिला झेलणारी जमीन पायाखाली नसली, तर ताकदीने करायचे काय?

लिहिलेले ताडून पाहायला हवे, म्हणून कंपनीच्या आवारात गाडी फिरवण्याची परवानगी तिने मागून घेतली होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, भिंतीपासून भिंतीपर्यंत. रखवालदार नामदेव खुर्ची बाहेर आणून बसे आणि दर फेरीला मान डोलवी. कोरेगावाकडच्या मामाची राजदूत उसाच्या पाणंदीतून चालवून तिचे मनगट आधीच तयार झाले होते. पण चाचणी-चालकाच्या जागेसाठी तिने दिलेले दोन्ही अर्ज परचुऱ्यांच्या खणात पडून होते. “बघू,” ते म्हणत. “आधी टायपिंग.”

“पाइप आणा कुणीतरी,” रणजीत म्हणाला. गाडी स्टँडवर टेकवून तो खाली उतरला होता. त्याने खिशातून सिगारेट काढून ओठांत धरली, काडी पेटवली, आणि दुसरा हात टाकीच्या झाकणाकडे नेला. “टाकी रिकामी करू. इथंच. दहा मिनिटांचं काम. जीपमध्ये कॅन आहेच, त्यातलं चांगलं पेट्रोल भरू, टेन्शन नाय.”

“झाकणाला हात लावू नका!”

आवाज आपलाच आहे हे उज्वलाला तो बाहेर पडल्यावर कळले. मिठागरातले दोन बगळे उडाले.

“सिगारेट आधी विझवा, रणजीतदादा. चिखलात खुपसा. इंजिन तापलंय, खालचं नळकांडं पोळेल इतकं गरम आहे. त्यावर टाकी उघडून पाइपानं पेट्रोल ओढणार? आणि गाडी कललेली आहे. थेंबभर सांडलं तरी कुठं पडेल, बघा जरा.”

रणजीतने खाली पाहिले. टाकीखालून गेलेली सायलेन्सरची नळी कोरड्या चिखलाचे पापुद्रे भाजत होती. त्यांतून धुराची बारीक रेघ वर येत होती. त्याने काडी फेकली, सिगारेटही. पण त्याचा चेहरा तापलेलाच राहिला.

“पोथी सुरू झाली,” तो सबनीसांना म्हणाला. “साहेब, पंपावर पण हेच. इंजिन बंद करा, किल्ली काढा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या, गाडीची पूजा तेवढी राहिली. टाकी काठोकाठ भरू दिली नाही हिनं. म्हणे पेट्रोल उन्हात फुगतं.”

“फुगतंच,” सबनीस पहिल्यांदा बोलले. मग उज्वलाकडे वळून म्हणाले, “तुमचं काय म्हणणं? पाणी आहे की नाही?”

“नाही, साहेब.”

“कशावरून?”

“पंप ते बांध सहा किलोमीटर आहे. पेट्रोल भरल्यावर गाडी सहाही किलोमीटर न खोकता आली. पाणी असतं तर डांबरावरच कळलं असतं. चिखलात शिरल्यावरच कसं काय पाणी आलं?” ती क्षणभर थांबली. “रणजीतदादा, ताकद द्यायला गेलात तेव्हा समोर एक दिवा लुकलुकत होता का?”

रणजीतने गाडीच्या दिव्यांकडे नजर टाकली. “होता.”

“म्हणजे पकड-नियंत्रण चालू होतं. चाक घसरतंय म्हटल्यावर ते इंजिनाला आवरत होतं. तुम्ही जेवढं पिळाल तेवढं ते आवळणार. चिखलातून निघायला चाक थोडं घसरू द्यावंच लागतं, म्हणून इथं ते बंद करायचं असतं.”

“अगं, बंदच केलंय!” रणजीत उसळला. “सहा वाजता, तुझ्यासमोर! सरावाला याच बांधावरून काढली की नाही मी?”

“काढलीत. त्यानंतर पंपावर गेलो आपण. किल्ली काढली. किल्ली काढली की मागचं सगळं पुसलं जातं. पुन्हा गाडी सुरू केली की यंत्रणा आपोआप जागी होते. पान एक्केचाळीस.”

दोषाचे वजन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकले होते.

“मग पंपावर सांगायचं होतंस,” परचुरे पुटपुटले.

“सांगितलं होतं, साहेब. दादा म्हणाले, पोथी गुंडाळ.”

बांधाच्या उतारावर कोळंबीची टोपली डोक्यावरून उतरवून एक म्हातारी केव्हापासून बसली होती. सारसोळ्याची बायजाबाई, सकाळी सरावाच्या वेळीही ती तिथेच होती. ती खुदकन हसली. “पोरीनं बरोबर धरला. कवाची बगतंय मी. जोर काराय लागला का गारी आपली ढिम्म. पानी कसला नि काय कसला!”

रणजीतने गाडीच्या आरशाला अडकवलेले हेल्मेट काढले आणि चिखलाने माखलेल्या हाताने पुढे केले. “एवढं येतंय तर हिलाच बसवा ना,” तो परचुऱ्यांना म्हणाला. “बघू पान एक्केचाळीस गाडी काढतं का.”

टोमणा होता. पण टोमण्याचेही एक वाईट असते: तो कुणीतरी शब्दशः ऐकतो.

“बसवा,” सबनीस म्हणाले. “लायसन आहे?”

“आहे, साहेब. विथ गिअर.”

“सबनीस साहेब, अहो, ती ऑफिस स्टाफ...” परचुऱ्यांचे वाक्य वाऱ्यावर अर्धे राहिले.

उज्वलाने ओढणी कमरेला घट्ट बांधली, पायजमा पोटरीपर्यंत वर खोवला, आणि आधी गाडीवर न बसता मागच्या चाकाजवळ उकिडवी बसली. चाक फक्त टायरच्या कडेपर्यंत रुतले होते. तिच्या मनात एक छोटा दिवा लागला. ज्या यंत्रणेने गाडी अडवली होती, तिनेच चाकाला वेड्यासारखे फिरून स्वतःचा खड्डा खणू दिला नव्हता. अडवणाऱ्याने वाचवलेही होते. असे पुष्कळदा घडते. फक्त ते त्या वेळी दिसत नाही.

“मावशी, एखादं गोणपाट आहे का?”

“हाय ना. ने.” बायजाबाईने टोपलीवरचे ओले गोणपाट झटकून दिले. “आनि आयक, मधून नको जाव. डाव्या अंगाला मिठाची सफेद साय दिसतंय ना, ती जमीन टनक हाय. आमी रोज तिथूनच चालतो.”

गोणपाटाची घडी तिने चाकापुढे खोचली. तुर्भ्याच्या बाजारात पावसाळ्यात हातगाडी रुतली की तिचे वडील, मानसिंग जगदाळे, असेच करीत. तीस वर्षे पाठीवर पोती वाहणाऱ्या त्या माथाडी माणसाने लेकीला एकच यंत्रशास्त्र शिकवले होते: चाकाला आधी धरायला काहीतरी द्यावे, मग ढकलावे. पुस्तकाच्या दोनशे पानांत हे कुठेही नव्हते.

मग ती बसली. हेल्मेट मोठे होते. आत रणजीतच्या केसांच्या तेलाचा वास होता. किल्ली फिरवली. दिवे लागले. पकड-नियंत्रणाचा पिवळा दिवा काही क्षण पेटून विझला. म्हणजे यंत्रणा जागी. इंजिन सुरू केले. गाडी जागेवर उभी ठेवून तिने डाव्या हाताचे बटन दाबले आणि दाबूनच धरले. एक. दोन. तीन. पिवळा दिवा पुन्हा पेटला आणि या वेळी विझला नाही.

“आता बंद झालं,” ती मोठ्याने म्हणाली, सबनीसांना ऐकू जाईल असे. “दिवा स्थिर आहे.”

दुसरा गिअर. पहिला नव्हे, पहिल्यात ताकद फार, आणि चिखलाला फार ताकद सोसत नाही. क्लच तिने कणाकणाने सोडला, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढावा तसा. चाक फिरले, घसरले, गोणपाटाला चावले. गाडीचा मागचा भाग उजवीकडे गेला. रणजीत “गेली!” म्हणाला ते तिला ऐकू आले. हाताने घट्ट धरावेसे वाटत असतानाच तिने हात सैल सोडला, नजर लांबच्या टोकावर ठेवली, आणि पांढऱ्या सायीच्या दिशेने गाडीला फक्त सुचवले.

गाडीने ऐकले.

चिखलाचे फवारे दोन्ही अंगांना उठले. मिठाची साय चाकाखाली करकरली, जणू खाडीने दात खाऊन वाट दिली. शंभर पावले उरली, ऐंशी, चाळीस. आणि मग एकाएकी चाकांखाली मुरूम आला, कोरडा, तांबडा, खडबडीत. आणि इंजिनाचा आवाज आभाळाएवढा मोकळा झाला. मागून बायजाबाई टोपली बडवीत ओरडत होती, “गेली गो माझी बाय! गेली!”

तिसऱ्या चाचणीचा चढ तिथून समोरच होता. भरावावर नव्यानेच डांबर घातलेला, टँकरने पाणी ओतून काळा चकचकीत केलेला. रणजीत आणि दोघे साहेब जीपमधून येईपर्यंत ती पायथ्याशी थांबली. सबनीस उतरले तेव्हा ती पुन्हा ते बटन दाबून धरत होती.

“आता काय?”

“परत चालू करतेय, साहेब. चिखलात ते नको होतं. इथं ते हवं.”

पिवळा दिवा विझला. ती निघाली. ओल्या डांबरावर, चढाच्या अर्ध्यात, सबनीसांच्या तक्त्यात लिहिले होते तसा तिने एकदम जोर दिला. मागचे चाक क्षणभर सुटले, दिवा लुकलुकला, इंजिनाने एक घोट गिळला, आणि चाकाने पुन्हा जमीन धरली. मघाशी जी घुसमट होती, तीच आता साथ होती. माथ्यावर पोहोचल्यावर तिला खाली पसरलेले सगळे एका नजरेत दिसले: मिठागरांचे चौकोन, नेरूळच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतींचे सांगाडे, खाडीची चांदीची कड, आणि बांधावर उमटलेली एक लांब, वाकडी, पण अखंड रेघ. ती रेघ तिची होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने टाइपरायटरवाचून काहीतरी लिहिले होते.

ती हळूहळू खाली आली. इंजिन बंद केले, किल्ली काढली. रणजीत पुढे झाला. वाकून त्याने मागचे चाक पाहिले. “दुसऱ्यात काढलीस?”

“दुसऱ्यात.”

“मी पहिल्यात होतो,” तो म्हणाला, आणि खिशातला रुमाल काढून त्याने तिच्या हेल्मेटच्या काचेवरचा चिखल स्वतः पुसला.

सबनीसांनी पेनचे टोपण उघडले. “पूर्ण नाव?”

“उज्वला मानसिंग जगदाळे.”

रिकाम्या ओळीवर निळी शाई उतरताना तिने पाहिली. अक्षर न् अक्षर, वडिलांच्या नावासकट. “लांब पल्ल्याची चाचणी उद्या,” सबनीस लिहिता लिहिता म्हणाले. “पनवेलपलीकडे, करंजाड्याकडून घाटापर्यंत. नियमाप्रमाणे तक्त्यावर नाव असेल तोच चालक. सकाळी सात. टाकी भरून आणा. तुमच्या पद्धतीनं.”

ते जीपकडे गेले. परचुरे मात्र तिथेच घुटमळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“छान झालं हं. कंपनीचं नाव राहिलं,” ते म्हणाले. “पण उज्वला, उद्या ती डीलरांची पत्रं जायची आहेत. नऊपर्यंत टाइप करून हवीत. येशील ना नऊला?”

उज्वलाने हेल्मेट काखेत घेतले. एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग ती वळली आणि उद्या सातसाठी टाकी भरायची म्हणून इंजिन निवले का ते पाहायला गाडीकडे चालू लागली.